दमट हवेत वाळवंटी सरडा: भाकरीच्या आजारपणावरून काही प्रश्न

रानजाई (ह्यूस्टन), २१ जुलै २०२४

एरवी मी या संस्थळावर बागकामाच्या धाग्यांवर, म्हणजे चर्चांवर, असते. आज मात्र काळजीने लिहितेय.

आमच्याकडे तीन वर्षांपासून एक बिअर्डेड ड्रॅगन आहे. हा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या, कोरड्या मुलखातला सरडा. गळ्याखाली काट्यांची झालर असते आणि चिडला की ती काळी पडते, म्हणून दाढीवाला. शेपटीसकट दीड फुटाचा आहे. दिव्याखाली ऊन खायला बसला की अंग पसरून इतका चपटा होतो की लेकीने त्याचं नाव भाकरी ठेवलं.

८ जुलैला बेरिल वादळ आलं. शहर आणि आसपास मिळून वीस लाखांहून जास्त घरांची-दुकानांची वीज गेली. आमची पाच दिवसांनी आली. घरात ३२-३३ अंश, आणि हवा अशी की तळलेला पापड ताटात येईपर्यंत सादळावा. एसी नाही आणि भाकरीचा दिवाही नाही. त्याला फार उकडू नये म्हणून मी त्याला बाथरूमच्या गार फरशीवर ओला पंचा अंथरून ठेवला. अशक्त होऊ नये म्हणून रोज किडेही भरवले.

वीज आली, त्याची राहायची पेटी पुन्हा सुरू केली, पण १७ तारखेपासून तो गप्प आहे. तोंड उघडं ठेवून मान वर करून बसतो, तेही पेटीच्या गार कोपऱ्यात. काल नाकपुडीशी बुडबुडा दिसला. डॉक्टरांनी फुप्फुसाचा संसर्ग सांगितला. दर तिसऱ्या दिवशी इंजेक्शन आहे, तीन आठवडे. शिवाय 'पेटीतला दमटपणा कमी करा' असंही सांगितलं.

तो कसा करायचा? पेटी चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच, पीव्हीसीची. वर जाळी आहे, पण एसीची हवा थेट लागते म्हणून तिच्यावर प्लास्टिक टाकलंय. खाली नारळाचा भुसा, दुकानात तोच सुचवला होता. पाण्याचं भांडं दिव्याजवळ. दमटपणाचा मापक ६० च्या आसपास दाखवतो. डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) घ्यावा का? लेक रोज विचारते की वादळामुळे भाकरी मरेल का. मला उत्तर देता येत नाही.

हिरवा_चाफा (टँपा), २१ जुलै

अगं, आधी ते प्लास्टिक काढ. आत्ताच्या आत्ता. बाकी सगळं नंतर.

आणि स्वतःला दोष देऊ नकोस. त्या पाच दिवसांत माणसांचे हाल होते.

सड्यावरचा (रत्नागिरी), २१ जुलै

मी सरडा कधी पाळलेला नाही. घराभोवती असतात तेवढीच ओळख. पण ३१ वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं आणि आयुष्य कोकणातल्या पावसात गेलं, त्यामुळे दमट हवेशी जुनी ओळख आहे.

रानजाई, 'साठच्या आसपास' हा आकडा मला अपुरा वाटतो. मापक पेटीत कुठे ठेवलाय? किती वाजता वाचलात? त्या वेळी तिथलं तापमान किती होतं? या तीन गोष्टींशिवाय टक्केवारीला अर्थ नाही. एक काम कराल का? दोन मापक घ्या, एक दिव्याखालच्या गरम टोकाला आणि एक गार टोकाला. दुपारी दोनला आणि पहाटे सहाला दोन्हींवरचं तापमान आणि टक्के लिहून ठेवा. एक दिवस पुरे. मग बोलू.

रानजाई, २१ जुलै

प्लास्टिक काढलं. काका, उद्या आकडे देते. लेकीला काम मिळालं, ती वही घेऊन बसलीय.

निवडुंग (ब्रिस्बेन), २२ जुलै

मी या प्राण्याच्या माहेरी राहतो असं म्हणायला हरकत नाही, म्हणून थोडं लिहितो.

इथे ब्रिस्बेनच्या बागांमध्ये, कुंपणाच्या खांबांवर जो दाढीवाला सरडा दिसतो तो पूर्वेकडचा, वेगळी जात. त्याला आमची दमट हवा आणि उन्हाळी पाऊस सवयीचा आहे. जगभर घरांमध्ये पाळतात तो मध्य ऑस्ट्रेलियातला, 'पोगोना व्हिटिसेप्स'. तो पाहायला मी ॲलिस स्प्रिंग्सकडे गेलो होतो. तिथे वर्षाला सरासरी २८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रत्नागिरीच्या काकांकडे तो आकडा तीन हजारांच्या पुढे असेल. उन्हाळी दुपारी हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. लाल मातीत, मोडक्या खांबाच्या टोकावर तो सकाळी आठलाच चढून बसलेला असतो, तोंड सूर्याकडे.

पण त्याला पाण्याचं वावडं नाही. पाऊस आला की हा सरडा मागचं अंग उचलतो आणि डोकं खाली करतो. पाठीवरून ओघळणारं पाणी तोंडाशी येतं, ते तो चाटून पितो. म्हणजे ओलं होणं त्याला नवीन नाही. फरक इतकाच की तिथे तासाभरात ऊन आणि वारा त्याला खडखडीत वाळवतात.

जाता जाता एक गोष्ट, विषयाला सोडून आहे पण मला फार विलक्षण वाटते. या जातीत अंडी ३२ अंशांपेक्षा जास्त तापली तर गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लंसुद्धा मादी होऊन जन्मतात, आणि त्या माद्या अंडीही घालतात. उष्णतेवर या प्राण्याचं किती काय अवलंबून आहे बघा.

ऑस्ट्रेलियातून देशी प्राण्यांची व्यापारी निर्यात अनेक दशकं बंद आहे. इथे क्वीन्सलँडमध्ये ते घरी ठेवायलाही परवाना लागतो.

खडकपाल (मुंबई), २२ जुलै

मी पशुवैद्य आहे. कुत्री-मांजरी मुख्य, पण गेली काही वर्षं सरपटणारे प्राणीही बघतो. भाकरीला मी तपासलेलं नाही, त्यामुळे औषधाबाबत तुमच्या डॉक्टरांचाच शब्द शेवटचा. मी फक्त कारणं सांगतो.

सरड्यांना आपल्यासारखा श्वासपटल नावाचा स्नायू नसतो. त्यामुळे त्यांना जोर लावून खोकता येत नाही. छातीत साठलेला कफ बाहेर टाकायची सोय फार तोकडी आहे. त्यातून त्यांचा पू पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट होतो. म्हणून आपल्याला चार दिवसांत बरी होणारी सर्दी त्यांच्यात महिना घेते. तो मान वर करून बसतो ते श्वासाची वाट मोकळी राहावी म्हणून. दिव्याखाली बसून तोंड उघडणं वेगळं, ती जादा उष्णता सोडायची त्यांची नेहमीची रीत. गार जागी तोंड उघडं दिसलं की डॉक्टर गाठायचा. तुम्ही गाठलात, तेही चार दिवसांत. बरेच जण महिनाभर वाट बघतात.

आता त्या पाच दिवसांबद्दल. उकाड्याची भीती खरी होती, पण ३२-३३ अंश त्याला धोक्याचे नव्हते. हा प्राणी ४० अंशांच्या आसपास तापलेल्या दगडावर बसून ऊन खातो आणि नको झालं की सावलीत सरकतो. त्याला नडलं ते वेगळंच. ऊन नाही, खाली गार ओली फरशी आणि पोटात अन्न. अंग तापल्याशिवाय या प्राण्यांचं अन्न पचत नाही, आतच कुजतं. प्रतिकारशक्तीही तापमानावर चालते. पुढे कधी वीज गेली तर पहिला नियम: खायला देऊ नका. धडधाकट मोठा सरडा आठवडाभर सहज उपाशी राहतो.

आणि आता इंजेक्शनं चालू असताना दिवसा दिव्याखालची जागा ४० अंशांना पोचतेय ना, याची रोज खात्री करा. औषध नीट लागू पडायला ती ऊब लागते.

रानजाई, २३ जुलै

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद लेकीला मराठीतूनच वाचून दाखवला. ती म्हणाली, 'म्हणजे आपण त्याला चुकून जेवू घातलं.' मी हो म्हणाले. लपवलं नाही.

काका, हे आकडे. दुपारी २ वाजता गरम टोक ४० अंश, २८ टक्के. गार टोक २७ अंश, ५८ टक्के. पहाटे ६ वाजता दोन्ही टोकं २३ अंश, ७९ टक्के.

एकोणऐंशी! मला कल्पनाच नव्हती. मी मापक नेहमी संध्याकाळी बघायचे, दिवे चालू असताना.

सड्यावरचा, २३ जुलै

शाब्बास, लेकीलाही सांगा. आता नीट बघू.

२३ अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २० ग्रॅमच्या आसपास वाफ धरू शकते. त्यापलीकडे दव पडतं. ४० अंशांची तेवढीच हवा ५१ ग्रॅम धरते. गरम हवेची ओंजळ मोठी. टक्केवारी म्हणजे ओंजळ किती भरली आहे ते. ओंजळीत पाणी किती, ते नव्हे.

तुमच्या पहाटेच्या हवेत २० च्या ७९ टक्के, म्हणजे १६ ग्रॅम पाणी. दुपारी दिव्याखाली ५१ च्या २८ टक्के, म्हणजे १४ ग्रॅम. पाहिलंत? चोवीस तासांत हवेतलं पाणी जवळजवळ तेवढंच आहे. बदलली ती ओंजळ. दिवे मालवले, पेटी गार झाली, ओंजळ लहान झाली आणि तेच पाणी काठापर्यंत आलं.

म्हणजे दुपारी तुमची पेटी ऑस्ट्रेलिया आहे आणि रात्री रत्नागिरी. तो प्राणी रोज दहा-बारा तास, अंग गार असताना, ओल्या भुशावर, कोंडलेल्या हवेत झोपतो. आमच्याकडे श्रावणात अंथरुणं कशी ओलसर लागतात, ते ज्याने अनुभवलंय त्याला हे कळेल.

तुमचा प्रश्न रात्रीचा आहे. उपायही तिथेच शोधा. दिवे गेल्यावर पेटी २६ अंशांवर राहिली तर काहीही न काढता तोच आकडा ६६ वर येतो. मग हवेतलं पाणी कमी करायच्या मागे लागू.

हिरवा_चाफा, २३ जुलै

काका, दहा वर्षांत इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

पेटी रात्री उबदार ठेवायला प्रकाश न देणारा सिरॅमिकचा हीटर मिळतो. दिव्यासारखाच होल्डरमध्ये बसतो, फक्त होल्डर चिनी मातीचा हवा, प्लास्टिकचा वितळतो. सोबत थर्मोस्टॅट (ठरवलेलं तापमान राखणारी कळ) लावच. लाल-निळे 'रात्रीचे' दिवे घेऊ नकोस, त्यांची झोपमोड होते.

आणि ह्यूस्टन-टँपासारख्या गावासाठी खास, बहुतेकांना माहीत नसलेलं: तुमच्या एसीच्या भिंतीवरच्या कळीवर पंखा 'ऑन' आहे की 'ऑटो'? 'ऑन' असेल तर थंडावा बंद झाल्यावरही पंखा फिरत राहतो आणि कॉइलवर (एसीच्या आतल्या थंड नळ्यांवर) जमलेलं पाणी पुन्हा वाफ होऊन घरात येतं. 'ऑटो' कर. आमच्या घरात एवढ्यानेच फरक पडला.

रानजाई, २३ जुलै

'ऑन' होता. गेली सहा वर्षं. आणि वीजबिलासाठी थर्मोस्टॅट ८० फॅरनहाइटवर, म्हणजे जवळजवळ २७ अंशांवर. पेटीवर एसीची हवा थेट येते, म्हणून ती त्याहून गार पडते.

सड्यावरचा, २४ जुलै

एसी जितका वेळ चालतो तितकं पाणी काढतो. २७ वर ठेवलेला एसी कमी वेळ चालतो, त्यामुळे खोली गार वाटली तरी ओल राहते. २४ वर आणा आणि खोलीतल्या दमटपणाचा आकडा बघा. तो ५० च्या जवळ आला तर पेटीत, रात्री २६ अंशांना, तुम्हाला चाळिशीतले आकडे दिसायला हवेत. वेगळं यंत्र घ्यायची घाई करू नका. डीह्युमिडिफायर स्वतः उष्णता सोडतो, मग एसीला तीही काढावी लागते.

दुसरं, पेटीला फक्त वर जाळी असेल तर गरम हवा वर जाते, पण तिच्या जागी नवी हवा यायला वाट नसते. चुलीला धुराडं केलं आणि दार बंद ठेवलं तर धूर घरातच फिरतो, तसं. गार टोकाला, तळापासून चार बोटं वर, एक जाळीची खिडकी पाडता येईल का? हवा खालून आत, वरून बाहेर.

निवडुंग, २४ जुलै

भुशाबद्दल: नारळाचा भुसा हा ओल धरण्यासाठीच असतो, कुंड्यांमध्ये आपण त्यासाठीच घालतो. या प्राण्याखाली तो नकोच. आजारी असेपर्यंत साधे कागदी टॉवेल, रोज बदलायचे. विष्ठा, लघवी सगळं दिसतं. बरा झाल्यावर खडबडीत फरशी किंवा कोरडी माती-वाळू.

पाण्याचं भांडं गार टोकाला न्या. दिव्याखाली ते दिवसभर वाफाळतं.

खडकपाल, २४ जुलै

वर सगळ्यांनी सांगितलेलं पटतंय. पण एक इशारा, कारण पुढची चूक इथेच होते.

डॉक्टर म्हणाले दमटपणा कमी करा, म्हणून लोक पाणीच बंद करतात आणि पेटी १५-२० टक्क्यांवर सुकवतात. मग मूत्रपिंडं जातात, सांध्यांत युरिक आम्लाचे खडे होतात, कात बोटांना आणि शेपटीच्या टोकाला चिकटून राहते, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि बोट गळतं. वाळवंटात राहणारे प्राणी सगळा दिवस वाळवंटाच्या हवेत काढत नाहीत. बिळात, दगडाच्या फटीत, झुडपाच्या मुळाशी हवा बाहेरच्यापेक्षा ओलसर असते आणि ते तिथे जाऊन बसतात. भाकरीला ३० ते ४० टक्के उत्तम, रात्री ५०च्या आत राहिलं तरी काळजीचं कारण नाही. इंजेक्शनं चालू असताना तर अंगात पाणी नीट असलंच पाहिजे. कोमट पाण्याचे थेंब ओठाच्या कडेला सोडा, तो चाटेल. जबरदस्तीने तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जातं.

कातडीवरही लक्ष ठेवा. पिवळट-तपकिरी, खरबरीत, खपल्या धरणारा डाग दिसला तर त्याला ओल लागली असेल म्हणून सोडून देऊ नका. या सरड्यांमध्ये एक बुरशी कातडीतून आत शिरते, संसर्गजन्य आहे आणि उशीर झाला तर जीव घेते. त्यावर घरगुती मलम नाही, कातडीचा तुकडा तपासूनच औषध.

घरात लहान मूल असेल तर हाताळल्यावर साबणाने हात धुणं पक्कं ठेवा. हे प्राणी धडधाकट दिसत असतानाही साल्मोनेला जंतू बाळगतात. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये त्याला आंघोळ घालायची नाही.

हिरवा_चाफा, २४ जुलै

डॉक्टर, थोडं वेगळं मत मांडू का? माझा दाढीवाला सहा वर्षं जाळीच्या पडवीत दिवस काढतोय. फ्लोरिडातला उन्हाळा, दमटपणा कायम ७० च्या वर. एकदाही छाती भरलेली नाही. डोक्यावर खरं ऊन आहे, चारी बाजूंनी वारा आहे, खाली कोरडी फरशी. संध्याकाळी तो घरात येतो. मला वाटतं आपण टक्क्यांना उगाच घाबरतो.

माझ्या दोन लेपर्ड गेकोंना (पालीसारखे ठिपकेदार सरडे) तर मी मुद्दाम एक ओलसर डबा ठेवते, झाकणाला भोक, आत ओलं शेवाळ. कात टाकायच्या आधी दोघी आपणहून तिथे जाऊन बसतात. बाकी पेटी कोरडी.

खडकपाल, २४ जुलै

तुमच्याशी वाद नाही, उलट तुम्ही मुद्दा पुरा केलात. ओल एकटी चालते. गारवा एकटाही चालतो, त्याच्या मुलखात रात्री चांगल्या गार असतात, फक्त कोरड्या. ओल, गारवा आणि कोंडलेली हवा एकत्र आली की माझ्याकडे पेशंट येतो. तुमच्या पडवीत त्यातलं एकच आहे. रानजाईंच्या पेटीत रात्री तिन्ही होती.

खऱ्या उन्हाबद्दल मात्र दुप्पट सहमत. काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी किरण (कॅल्शियम अंगी लागायला हवे असतात ते अतिनील किरण) नसतात, काच ते अडवते. बारीक जाळीही बराच भाग खाते. पेटीतली यूव्हीबीची ट्यूब प्रकाश देत राहते पण किरण कमी होत जातात, म्हणून वर्षाने बदलायची.

लोकलकर (डोंबिवली), २६ जुलै

धागा वाचून एक विचारायचं धाडस करतोय. आत्याकडे एक कासव आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं, लोक स्टार कासव म्हणतात. चार वर्षांपूर्वी कुणीतरी 'घरात ठेवा, भरभराट होईल' म्हणून आणून दिलं. आत्याने त्याला पोटच्या पोरासारखं जपलंय. पावसाळ्यात ती त्याला मोरीत पाण्याच्या टबात ठेवते, कासव म्हणजे पाण्यातलं म्हणून. आठवडाभर त्याच्या नाकातून पाणी येतंय, डोळे सुजलेत, खात नाही. पाठ दाबली तर कडेला मऊ लागते. काय करू?

खडकपाल, २६ जुलै

बरं झालं विचारलंत.

ते जमिनीवरचं कासव आहे. गुजरात-राजस्थानच्या आणि आंध्र-तामिळनाडू-कर्नाटकाच्या काटेरी, कोरड्या माळांवरचं. त्याला पोहता येत नाही. टबातून आज, आत्ता काढा. कोरडा खोका, तळाला वर्तमानपत्र, एका कडेला साठ वॉटचा साधा बल्ब, दुसरी कड सावलीची. रोज पंधरा मिनिटं कोमट पाण्यात हनुवटीच्या खाली पाणी राहील इतपत बसवा, पुसून कोरडं करून परत खोक्यात. दूध, पाव, भात अजिबात नाही.

आता अवघड भाग. हे कासव घरी पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सगळ्यात कडक बंदी आली, कारण ही भारतातून सर्वाधिक चोरून नेली जाणारी कासवं आहेत. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा जिल्ह्याच्या मानद वन्यजीव रक्षकांना गाठा. त्यांच्यामार्फत उपचार केंद्रात जागा मिळते. फोन तुम्ही करा, आत्यांबरोबर जा. त्यांनी प्रेमाने केलंय, ते त्यांना जाणवू द्या.

सड्यावरचा, २६ जुलै

डॉक्टर, एक शंका. या कासवाच्या मुलखातही पावसाळा येतो. मग ओल त्याला कशी नडते?

खडकपाल, २६ जुलै

काका, नेमका प्रश्न. पावसाळ्यातच ती जास्त हिंडतात-फिरतात, मिलनही तेव्हाच होतं. पण तिथला पाऊस उबदार असतो, सर येते आणि जाते, जमीन निचऱ्याची, मध्ये ऊन. मोरीतल्या टबात ऊन नाही, निचरा नाही, आणि पाणी दिवसरात्र गार. पाठ मऊ आहे ते कॅल्शियम आणि उन्हाच्या अभावाने.

निवडुंग, २७ जुलै

भारतात परदेशी सरडे-गेको पाळणाऱ्यांसाठीही एक सूचना. साइट्सच्या (वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतले प्राणी असतील तर त्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करणं आता बंधनकारक आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे नियम आले. विकत घेण्याआधी जात नक्की कोणती आणि कागद कोणते, हे विचारा. आपला सांडा (काटेरी शेपटीचा सरडा) तर राजस्थानात तेलासाठी आजही मारला जातो, त्याला 'पाळायला' विकणाराही गुन्हेगारच. अशा विकल्या जाणाऱ्या प्राण्यांमागे कुणाचं तरी बीळ रिकामं झालेलं असतं.

लोकलकर, ३० जुलै

काल सुपूर्द केलं. आत्या रडली. तिथल्या माणसाने तिला त्याचं वजन कागदावर लिहून दाखवलं आणि पंधरा दिवसांनी फोन करायला सांगितलं. ती रोज उन्हाची चौकशी करतेय, तिकडे ऊन आहे का म्हणून.

रानजाई, २ ऑगस्ट

लोकलकर, आत्यांना माझा नमस्कार सांगा.

आमच्याकडचं: एसी २४ वर, पंखा 'ऑटो'. सिरॅमिक हीटर रात्री २६ वर. कागदी टॉवेल. नवऱ्याने गार टोकाला जाळीची खिडकी पाडली. पहाटे सहाचा आकडा पहिल्या दिवशी ६१, मग ५२, आज ४७. चार इंजेक्शनं झाली. बुडबुडे थांबलेत. खात अजून नाही.

दोन प्रश्न. भाकरीच्या खाण्यावर घालायची कॅल्शियमची पूड डब्यात गोळा होते, खराब झाली का? आणि वादळांचा मोसम नोव्हेंबर संपेपर्यंत आहे. पुन्हा वीज गेली तर?

हिरवा_चाफा, २ ऑगस्ट

पूड: गुठळी झाली म्हणजे ओल शिरली. नुसतं कॅल्शियम असेल तर फारसं बिघडत नाही, पण जीवनसत्त्वांची पूड टाकून दे. नवी आणलीस की घट्ट डब्यात, आई मिठाच्या बरणीत तांदूळ घालायची तसे मलमलीच्या पुरचुंडीत बांधून ठेव. सुटे दाणे नकोत. आणि ओल शोषणारे कपाटातले डबे पेटीत कधीही ठेवू नकोस, तो चाटेल.

वीज गेली तर, माझी दर वर्षीची रीत: खाणं बंद. पेटीची दारं उघडी. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी, जाळीच्या पिंजऱ्यात बाहेर खऱ्या उन्हात, अर्धा पिंजरा सावलीत आणि मी शेजारी बसलेली. वीस-तीस मिनिटं. रात्री कोरड्या खोक्यात, कोरड्या टॉवेलवर. काचेच्या पेटीत उन्हात कधीच नाही, ती दहा मिनिटांत भट्टी होते.

सड्यावरचा, ३ ऑगस्ट

मापकावर विश्वास ठेवण्याआधी एक कसोटी करा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओलं करा, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि मापक घट्ट डब्यात बंद करून आठ-दहा तास ठेवा. आतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मापक जितका चुकेल तितका फरक वहीत लिहा. लेकीला करू द्या, मिठाचा हा गुण शाळेत फारसा दाखवत नाहीत.

रानजाई, १३ ऑगस्ट

मापक ७५ ऐवजी ७३ दाखवतो. लेक रोज दोन मिळवून लिहिते.

काल सातवं, शेवटचं इंजेक्शन. डॉक्टरांनी छाती ऐकली, आवाज स्वच्छ आहे, दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय. आज सकाळी दिवा लागल्यावर तो स्वतः दगडावर चढला आणि पसरला. पूर्ण चपटा. लेकीने मला हाक मारून उठवलं.

वहीतली आजची नोंद, तिच्या अक्षरात: पहाटे ६, ४६ टक्के. एक किडा खाल्ला. शेवग्याची दोन पानं खाल्ली. तिसरं पान थुंकलं.